फौजी गेटवरच का थांबतो?

सुरतेजवळ हजिऱ्याला लार्सन अँड टुब्रोच्या कारखान्यात के-९ वज्र ही तोफ तयार होते. १५५ मिलिमीटरची, रणगाड्यासारखी पट्ट्यांवर चालणारी. २०१७ मध्ये अशा १०० तोफांचा करार झाला, २०२१ च्या फेब्रुवारीत शंभरावी तोफ लष्कराच्या हाती गेली आणि २०२४ च्या डिसेंबरात आणखी १०० तोफांचा करार झाला. मुळात वाळवंटासाठी घेतलेल्या या तोफा पुढे लडाखच्या उंचीवरही गेल्या. त्या चालवणारे, गोठवणाऱ्या थंडीत त्यांची इंजिने सुरू ठेवणारे, बिघडल्या की जागच्या जागी दुरुस्त करणारे हात तोफखान्यातल्या आणि ईएमईतल्या, म्हणजे लष्कराच्या यंत्रदुरुस्ती विभागातल्या, जवानांचे असतात. सातारा-कोल्हापूरच्या आणि धुळे-जळगावच्या घरांतून अशी मुले पिढ्यान्‌पिढ्या लष्करात गेली आहेत.

अशाच एखाद्या जवानाने सतरा-अठरा वर्षे नोकरी केली, पेन्शन घेतली आणि तो सुरतेत येऊन राहिला, तर त्याला काम कोणते मिळते? रिंगरोडवरच्या कापड मार्केटच्या गेटवर, सोसायटीच्या फाटकावर किंवा एटीएमच्या दाराशी. बारा तासांची ड्यूटी, महिन्यातून मोजक्या सुट्ट्या. पहारा देणे हे हलके काम आहे असे मला मुळीच म्हणायचे नाही. प्रामाणिकपणे केलेला पहारा हा श्रमच आहे आणि या शहराला त्याची गरज आहे. माझा आक्षेप वेगळा आहे. वर्दी घातलेल्या माणसाला वर्दीचेच काम येते, असे आपण न विचारताच ठरवून टाकले आहे. कायद्यानेही तेच ठरवले आहे. खासगी सुरक्षा संस्थांचा २००५ चा कायदा सांगतो की रक्षक नेमताना माजी सैनिकाला प्राधान्य देता येईल, आणि त्याच्यासाठी प्रशिक्षणाचे तासही कमी ठेवले आहेत. गेटकडे जाणारी वाट अशी रुंद करून ठेवली आहे. वर्कशॉपकडे, स्टोअरकडे, कंट्रोल रूमकडे जाणारी वाट मात्र त्याने स्वतः शोधायची.

सैन्यदलांतून दरवर्षी सुमारे ६०,००० जण निवृत्त होतात. त्यांतले बहुतेक जवान पस्तिशी-चाळिशीतले असतात. मुले शाळेत, आईवडील म्हातारे, घराचे कर्ज डोक्यावर. म्हणजे इतरांची नोकरी जेव्हा कुठे स्थिरावते, तेव्हा यांची संपते. पेन्शन असते, पण त्यावर सुरतेसारख्या शहरात दोन मुलांचे शिक्षण भागत नाही. म्हणून दुसरी नोकरी ही हौस नसते, ती गरज असते.

खानदेशातला माणूस सुरतेला का येतो हे इथल्या कोणालाही सांगावे लागत नाही. भुसावळ-सुरत लाइनवर चढले की उधना येते. लिंबायत, डिंडोली, पांडेसरा या भागांत निम्मे गाव आधीच येऊन बसलेले असते. कोणाचा भाऊ लूम्सच्या खात्यात, कोणाचे मेहुणे डाइंग मिलमध्ये, कोणाची स्वतःची रिक्षा. सुरत महापालिकेची शिक्षण समिती सात माध्यमांच्या शाळा चालवते आणि त्यांत मराठीही आहे. फौजी पेन्शन घेऊन येतो तेव्हा गावात शेती तुटपुंजी असते आणि इथे नातेवाईक असतात. येणे सोपे आहे. शिरकाव अवघड आहे.

त्याचे कारण असे की नोकरी मागणाऱ्याला इथे एक नव्हे, दोन सुरती भेटतात. एक रिंगरोडची, वराछ्याची, महिधरपुऱ्याची. तिथे कोणी बायोडेटा मागत नाही. हिऱ्याचे पाकीट जांगडवर, म्हणजे एका चिठ्ठीच्या भरवशावर, या हातातून त्या हातात जाते. रोकड आणि हिरे आंगडियाकडे, म्हणजे भरवशाच्या कुरिअरवाल्याकडे, दिले जातात. रत्नकलाकार घंटीवर, म्हणजे हिरे घासायच्या चाकावर, बसून काम शिकतो, कारीगर खात्यात उभा राहून शिकतो, आणि त्याला तिथे बसवणारा, उभा करणारा कोणीतरी काका-मामा असतो. या बाजारात भांडवल म्हणजे ओळख. आणि फौजीकडे नेमकी तीच नसते. त्याचे चुलतभाऊ सतरा वर्षे या शहरात ओळखी जोडत होते, तेव्हा तो राजौरीला, तेजपूरला, जैसलमेरला होता. त्याचे जिवाभावाचे मित्र देशभर आहेत. अडीअडचणीला रात्री दोन वाजता धावून येतील असे आहेत. पण त्यांच्यातला एकही उधन्यात राहत नाही.

दुसरी सुरत हजिऱ्याची. मोठे पोलाद, खत, पेट्रोलियमचे कारखाने. तिथे ओळखीपेक्षा कागद चालतो, आणि हे तत्त्व म्हणून योग्यच आहे. पण फौजीचा कागद वेगळ्या लिपीत लिहिल्यासारखा असतो. डिस्चार्ज बुकात ट्रेड लिहिलेला असतो, वर्षे लिहिलेली असतात, चारित्र्याचा शेरा असतो. कारखान्याचा एचआर त्यात आयटीआय शोधतो, डिप्लोमा शोधतो, आणि ते सापडले नाही की पान उलटतो. लष्करी ट्रेड म्हणजे नागरी जगातले कोणते काम, याची तुलना पुनर्वसन महासंचालनालयाने करून ठेवलेली आहे. मॅट्रिक झालेल्या आणि १५ वर्षे सेवा केलेल्या जवानाला केंद्राच्या गट क पदांसाठी पदवीधराच्या बरोबरीचे मानले जाते, असाही नियम आहे. निवृत्तीच्या सुमारास जवानांसाठी मोफत अभ्यासक्रम असतात. हे सारे सरकारच्या दारी चालते. खासगी कारखान्याला ते बंधनकारक नाही, आणि बहुतेकांनी ते वाचलेलेही नसते.

सरकारी राखीव जागांचे आकडे कागदावर भरघोस आहेत. केंद्राच्या गट क पदांत १० टक्के, जुन्या गट ड पदांत २० टक्के, तर सरकारी बँकांत आणि उपक्रमांत अनुक्रमे साडेचौदा आणि साडेचोवीस. प्रत्यक्ष भरती याच्या बरीच खाली राहते. दोन राज्यांत पाय असलेल्या माणसाची आणखी एक अडचण आहे. राज्यांच्या सवलती साधारणपणे त्या त्या राज्याच्या रहिवाशांना मिळतात. जळगावचा दाखला, सुरतेचा भाडेकरार, आधार कार्डावर तिसराच पत्ता, अशा माणसाने नोंदणी कोणत्या जिल्हा सैनिक कार्यालयात करायची, यातच वर्ष निघून जाते. महाराष्ट्राने २००२ मध्ये माजी सैनिकांसाठी मेस्को हे महामंडळ काढले. त्याने अनेकांना रोजगार दिला हे मानलेच पाहिजे. पण तिथेही मोठा वाटा सुरक्षारक्षकांचाच आहे.

या शहराला काय हवे आहे ते पाहिले तर हे सारे अधिकच खटकते. २००६ च्या ऑगस्टमध्ये उकाई धरणातून पाणी सुटले आणि सुरतेचा मोठा भाग बुडाला. २४ मे २०१९ रोजी सरथाण्याच्या तक्षशिला आर्केडमध्ये आग लागली आणि क्लासला आलेली २२ मुले गेली. २०२५ च्या फेब्रुवारीत रिंगरोडवरचे शिवशक्ती मार्केट पेटले, शेकडो दुकाने खाक झाली. जिन्यात कापडाचे तागे रचून ठेवू नयेत, बाहेर पडायच्या दाराला कुलूप नसावे, महिन्यातून एकदा सगळ्यांना खाली उतरवून तालीम घ्यावी, पंपाला दाब आहे का ते रोज पाहावे, हे काम कोणाला येते? ज्याने दारूगोळ्याच्या डेपोत आगीची ड्यूटी केली त्याला येते. ज्याने पुरात दोरखंड टाकून माणसे काढली त्याला येते. कंटाळा न करता तेच ते रोज तपासणे हे सुरक्षेतले खरे कौशल्य आहे आणि सैन्य ते अंगवळणी पाडते.

पण तो सेफ्टी ऑफिसर होऊ शकत नाही. जुन्या फॅक्टरी कायद्यात १,००० कामगारांच्या कारखान्याला सेफ्टी ऑफिसर सक्तीचा होता. नव्या संहितेने ही मर्यादा ५०० वर आणली आहे, धोकादायक कामांसाठी २५० वर. म्हणजे अशा माणसांची गरज वाढणार. या पदासाठी पदवी किंवा डिप्लोमा, कारखान्यातला अनुभव आणि वर औद्योगिक सुरक्षेचा डिप्लोमा लागतो. अटी शिथिल करा असे मी म्हणणार नाही, तिथे माणसांच्या जिवाचा प्रश्न आहे. मात्र लष्करातली अग्निशमनाची, स्फोटके हाताळण्याची वर्षे अनुभवात का धरू नयेत, आणि उरलेला अभ्यासक्रम सेवेच्या शेवटच्या दोन वर्षांतच का पुरा करून घेऊ नये, याचे समाधानकारक उत्तर मला कुठे मिळालेले नाही.

हे दुखणे जुने आहे. सुभेदार रामजी सकपाळ सैन्याच्या शाळेत कित्येक वर्षे मुख्याध्यापक होते. निवृत्तीनंतर साताऱ्यात त्यांना काम मिळाले ते बांधकाम खात्यात, स्टोअरकीपरचे. इतका अनुभवी शिक्षक, आणि तोही अस्पृश्य समाजातला, त्याला शाळा मिळाली नाही. त्यांची शिकवण्याची हातोटी घरातल्या मुलांच्या वाट्याला आली, आणि त्यांतला एक भीमराव होता. त्याच काळात दापोलीला राहणारे निवृत्त हवालदार गोपाळबाबा वलंगकर महारांची बंद झालेली सैन्यभरती पुन्हा सुरू व्हावी म्हणून अर्ज लिहीत होते. पलटणीबाहेर आपल्या कर्तबगारीला कोणी विचारत नाही, हे त्या पिढीला दुहेरी कळले होते. आजच्या जवानाशी त्यांची बरोबरी करता येणार नाही, पण एवढ्या काळानंतरही शिकलेले काम एकीकडे आणि मिळणारे काम दुसरीकडे, हे बदललेले नाही.

आता जवानाच्या बायकोविषयी. हा विषय लेखांत शेवटी एका परिच्छेदात उरकला जातो, पण खरे तर तो पहिला आहे, कारण तिची नोकरी नवऱ्याच्या कितीतरी आधी सुटते. तिने लग्नाआधी डी.एड. केलेले असते, नाहीतर नर्सिंग. नवरा फील्डला असला की ती सासरी. पीस पोस्टिंग आले, क्वार्टर मिळाले, की त्याच्याबरोबर भटिंडा, मग सिकंदराबाद. प्रत्येक ठिकाणी खासगी शाळेत पहिल्या पायरीपासून सुरुवात, आणि पगार वाढायच्या आत बदली. छावणी असली तर आर्मी पब्लिक स्कूलमध्ये जागा मिळायची आशा असते. सुरतेत छावणी नाही. महाराष्ट्राची टीईटी गुजरातेत चालत नाही. नर्सला राज्य बदलले की परिषदेची नोंदणी पुन्हा करावी लागते. शेवटी ती डिंडोलीच्या भाड्याच्या खोलीत साडीला लेस लावते, स्टोन चिकटवते, नगावर पैसे घेते.

अमेरिकेत फौजींच्या बायकांची हीच तक्रार होती. तिथे २०२३ च्या जानेवारीत संघराज्याचा कायदा झाला आणि नवऱ्याच्या बदलीमुळे राज्य बदलावे लागले तर तिचा व्यवसाय परवाना नव्या राज्यात ग्राह्य धरायची तरतूद झाली. आपल्याकडे बदल्या कमी नाहीत आणि राज्येही कमी नाहीत. शिक्षिका आणि परिचारिका या दोन व्यवसायांपुरता जरी असा नियम झाला, तरी हजारो घरांत फरक पडेल.

स्वाती महाडिक आणि गौरी महाडिक ही दोन नावे महाराष्ट्राला माहीत आहेत. कर्नल संतोष महाडिक २०१५ मध्ये कुपवाड्यात शहीद झाले. स्वातीताई दोन मुलांची आई असताना चेन्नईच्या अकादमीतून २०१७ मध्ये अधिकारी होऊन बाहेर पडल्या. मेजर प्रसाद महाडिक २०१७ च्या डिसेंबरात गेले. कंपनी सेक्रेटरी असलेल्या गौरीताईंनी नोकरी सोडून तीच वाट धरली. दोघींपुढे मान लवते. पण त्यांच्या अंगचा कणखरपणा पती गेल्यावर उगवला नव्हता, आधीपासूनच होता. तो जगाला दिसायला इतकी मोठी किंमत का मोजावी लागावी? ज्यांचे पती सुखरूप परत आले, त्या लाखो बायकांची कुवत तर कोणी मोजतच नाही.

आणि ती कुवत मोठी आहे. गावच्या सातबाऱ्याचे भांडण, सासऱ्यांचे ऑपरेशन, बँकेची केवायसी, अर्ध्या वर्षात तिसऱ्या भाषेच्या शाळेत मुलाचा प्रवेश, हे सगळे तिने एकटीने निभावलेले असते. शिवाय नवरा फील्डला असताना ती सुरतेत राहिलेली असेल, तर ज्या ओळखीवाचून फौजीचे इथे अडते, ती ओळख तिच्यापाशी असते. गल्लीतले, शाळेतले, दवाखान्यातले लोक तिला ओळखतात. तो घरी येतो तेव्हा शहरात नवखा तो असतो, ती नव्हे. म्हणून पुनर्वसनाची शिबिरे भरतात तिथे जोडप्याला बोलवावे. एकट्या जवानाला अर्ज कसा भरायचा ते शिकवून अर्धेच काम होते.

हे सारे तातडीने लिहायचे कारण अग्निवीर आहेत. जून २०२२ मध्ये त्यांच्या भरतीची योजना जाहीर झाली, पहिली तुकडी त्या वर्षाच्या अखेरीस आणि २०२३ च्या सुरुवातीला दाखल झाली. चार वर्षांनंतर त्यांतल्या २५ टक्क्यांपर्यंत मुलांना कायम करायचे आहे. बाकीचे सुमारे ११ लाख ७१ हजारांचा सेवानिधी आणि एक कौशल्य प्रमाणपत्र घेऊन बाहेर येतील. त्यांना पेन्शन नाही, माजी सैनिकाचा दर्जाही नाही. केंद्रीय पोलीस दलांत त्यांच्यासाठी राखीव जागा आहेत, पण सगळे तिथे मावणार नाहीत. गेटवरचा हवालदार कमी पगारात भागवू शकतो, कारण त्याच्यामागे पेन्शन असते. बाविशी-पंचविशीतल्या या मुलाला ते जमणार नाही. खानदेशातून निघालेली गाडी त्यांनाही उधन्यालाच आणून सोडेल.

म्हणून दक्षिण गुजरात चेंबरला, फोस्टासारख्या कापड व्यापाऱ्यांच्या संघटनेला आणि सुरतेतल्या मराठी मंडळांना माझी कळकळीची विनंती आहे. एकत्र बसून या मुलांची आणि जुन्या फौजींची ट्रेडवार यादी करा. यादीत त्यांच्या बायकांची नावे शिक्षणासह लिहा. मार्केटच्या आगप्रतिबंधक व्यवस्थेवर, मिलच्या देखभालीवर, ट्रान्सपोर्टच्या गोदामांवर यांना सहा महिने पगारी उमेदवारीवर घ्या, आणि काम पटले तर कायम करा. ज्यांच्या कारखान्याच्या किंवा सोसायटीच्या दाराशी आजच एखादा फौजी उभा आहे, त्यांनी यादीची वाट पाहू नये. कोणत्या पलटणीत होतात आणि तिथे काम काय करत होतात, एवढे त्याला उद्या सकाळी विचारावे.