एकाच जहाजांतील प्रवासी

जो मनुष्य आपल्या विवेकबुद्धीस स्मरून घरदार सोडतो, तो इतरांच्या विवेकबुद्धीचें कांहीं देणें लागतो काय? प्रश्न सोपा दिसतो, आणि "लागतो" असें आपण सर्वजण तत्काळ म्हणूं. परंतु इतिहासांत असे कांहीं लोक होऊन गेले कीं, त्यांच्या ईश्वरनिष्ठेविषयीं व धैर्याविषयीं शंकेस जागा नाहीं. तरीही हें देणें फेडण्याची वेळ आली तेव्हां ते अडखळले. त्यांची हकीगत आज वाचकांपुढें ठेवावी असें आम्हांस वाटतें.

सोळाव्या व सतराव्या शतकांत इंग्लंडांत प्युरिटन नांवाचे लोक होते. राष्ट्रीय मंडळींत जुन्या काळचे जे विधि राहून गेले होते ते काढून तिची उपासना शुद्ध करावी, असा त्यांचा आग्रह असे. राजा पहिला चार्लस व बिशप विल्यम लॉड यांस हें रुचलें नाहीं. कित्येक उपदेशकांस बोलण्याची मनाई झाली. तेव्हां त्यांच्यापैकीं अनेकांनीं समुद्रापलीकडे, अमेरिकेंतील मॅसाच्युसेट्स प्रांतीं, नवी वसाहत करण्याचा निश्चय केला. १६३० सालीं अकरा जहाजांतून सुमारें ७०० माणसें निघालीं. जॉन विन्थ्रॉप हे त्यांचे पुढारी व गव्हर्नर होते. त्यांचें 'आर्बेला' नांवाचें जहाज एप्रिलांत निघालें, तें जूनमध्यें सालेम येथें पोंचलें. निघण्यापूर्वीं पुढाऱ्यांनीं एक पत्र छापून इंग्लंडच्या मंडळीस आपली प्रिय माता म्हटलें. आपण तिला टाकून जात नाहीं, असें त्यांनीं कळविलें. यावरून घर सोडतांना त्यांच्या मनास किती क्लेश झाले असतील हें दिसतें.

पहिलें वर्ष फार कठीण गेलें. उतरल्यावर थोड्याच दिवसांत विन्थ्रॉप यांचा मुलगा हेन्री बुडून मरण पावला. वर्ष संपण्याच्या आंत सुमारें २०० माणसें रोगानें व हालअपेष्टांनीं दगावलीं. कांहीं निराश होऊन परत गेलीं. १६३१ च्या फेब्रुवारींत 'लायन' नांवाचें जहाज धान्यसामुग्री घेऊन आलें, तेव्हां त्यांनीं उपकारस्तुतीचा दिवस पाळला. विन्थ्रॉप यांचा एक उपदेश प्रसिद्ध आहे. श्रीमंतानें आपली अधिकाई गरिबाच्या गरजेसाठीं द्यावी, सर्वांनीं एका शरीराचे अवयव होऊन राहावें, आणि जगाचे डोळे आपल्यावर आहेत हें विसरूं नये, असा त्याचा भावार्थ आहे. डोंगरावरील नगराचा प्रभूचा दाखला त्यांनीं तेथेंच आपल्या वसाहतीस लावला.

परंतु ज्या 'लायन' जहाजानें भाकर आणिली, त्याच जहाजानें एक अवघड मनुष्यही आणिला. रॉजर विल्यम्स हे तरुण उपदेशक त्यांतून आले. ते सांगूं लागले कीं, उपासनेच्या बाबतींत कोणाच्या मनावर सक्ति करण्याचा अधिकार सरकारास नाहीं. आणि मूळ रहिवाशांची जमीन राजाच्या सनदेनें आपली होत नाहीं, ती त्यांच्यापासून रास्त रीतीनें घ्यावी लागते. १६३५ सालीं न्यायसभेनें त्यांस हद्दपारीची शिक्षा सांगितली. ऐन हिंवाळ्यांत, बर्फांतून, ते निघून गेले. मूळ रहिवाशांनींच त्यांस आसरा दिला, आणि त्यांच्याकडून जमीन घेऊन विल्यम्स यांनीं १६३६ सालीं प्रॉव्हिडन्स गांव वसविलें. पुढें अॅन हचिन्सन या बाईसही वसाहतींतून घालविण्यांत आलें. १६५९ पासून १६६१ पर्यंत चार क्वेकरांस बोस्टन येथें फांशी देण्यांत आलें. त्यांत मेरी डायर नांवाची एक स्त्री होती.

प्युरिटन लोकांविषयीं न्यायानें बोललें पाहिजे. ते केवळ द्वेषानें असें वागले नाहींत. आपल्या सर्व समाजानें देवाशीं करार केला आहे, आणि एकानें तो मोडिला तर दंड सर्वांस भोगावा लागेल, अशी त्यांची समजूत होती. ज्यानें बायकामुलांसह महासागर ओलांडिला, त्यास जहाजाच्या बुडाशीं कोणी भोंक पाडीत आहे असें वाटलें, तर तो स्वस्थ कसा बसेल? ही भीति आम्हांस समजते.

तरी त्यांची चूक झाली. मला सत्य सांपडलें आहे, यावरून तें न मानणाऱ्यास शिक्षा करण्याचा अधिकार मला मिळतो, असें होत नाहीं. वांकविलेला गुडघा म्हणजे नमलेलें अंतःकरण नव्हे, हें लॉडच्या अमलाखालीं ते स्वतःच शिकले होते. स्वतः अधिकारी झाल्यावर मात्र तो धडा ते विसरले.

येथें कोणी विचारील, तर मग मंडळींत शिस्त नकोच काय? याचें उत्तर विल्यम्स यांनीं १६५५ सालीं प्रॉव्हिडन्सच्या लोकांस लिहिलेल्या पत्रांत दिलें, आणि तेंही जहाजाच्याच दृष्टांतानें. एका जहाजांत नाना धर्मांचे प्रवासी आहेत. जहाजावरील प्रार्थनेस कोणास ओढून आणूं नये, व स्वतःची प्रार्थना करण्यास कोणास अडवूं नये. परंतु जहाज कोणत्या दिशेनें न्यावें हें कप्तानानें ठरवावें. भाडें भरणें व सर्वांच्या रक्षणाचे नियम पाळणें हें प्रत्येकाचें कर्तव्य आहे. विल्यम्स हे गुळमुळीत मताचे नव्हते. क्वेकरांची शिकवण चुकीची आहे असें म्हणून १६७२ सालीं त्यांनीं त्यांच्याशीं जाहीर वाद केला. पण त्यांच्या वसाहतींत क्वेकर निर्भयपणें राहत होते.

या गोष्टीचा आमच्या मराठी देशाशींही संबंध आहे. १८१३ सालीं गॉर्डन हॉल व सॅम्युएल नॉट हे मिशनरी मुंबईस उतरले. त्यांस पाठविणारें मंडळ १८१० सालीं मॅसाच्युसेट्समध्यें, याच प्युरिटनांच्या वंशांतील मंडळ्यांनीं स्थापिलें होतें. येथें उतरतांच कंपनी सरकारानें त्यांस निघून जाण्याचा हुकूम केला, आणि राहूं देण्याविषयीं त्यांस विनंती करावी लागली. ज्यांच्या पूर्वजांनीं विल्यम्स यांस हांकलून दिलें, त्यांच्याच वंशजांवर "आम्हांस राहूं द्या" असें म्हणण्याची पाळी आली.

वाचकहो, ज्यांच्या आजोबापणजोबांस नव्या विश्वासामुळें पाणवठा बंद झाला, भाऊबंदांनीं टाकिलें, अशीं कुटुंबें आपल्यांत थोडीं नाहींत. त्या आठवणीचा आपण योग्य अभिमान बाळगतों. परंतु उद्यां आपलाच मुलगा, जावई किंवा शेजारी निराळें मत धरूं लागला, तर आपण काय करूं? त्यास शिकवावें, समजवावें, प्रसंगीं स्पष्ट बोलावें. तो मंडळीचा हक्क आहे. पण त्याचें पाणी, त्याची रोजी व त्याच्या घरची वाट तोडणें हा हक्क आपला नाहीं. आपल्या पूर्वजांनीं जें सोसलें तें इतरांस सोसावें लागूं नये, यासाठीं झटणें हेंच आपल्यावरील देणें आहे, असें आम्हांस वाटतें.