आधी एरर वाचा, मग शिव्या द्या

सगळे मोबाइल बॅगेत. आता ऐका, आणि मी बोलत असताना कुणी मध्ये तोंड घालायचं नाही.

लॅबमधल्या विंडोज 11 च्या मशीनवर 'क्रिकेट 07' हा गेम चालेना, तर तुम्ही सगळ्यांनी मिळून मायक्रोसॉफ्टचा उद्धार केलात. एकाने शहाणपणा करून अँटिव्हायरस बंद केला आणि कुठल्याशा साइटवरची क्रॅक फाइल चढवली. त्याच मशीनवर नालासोपाऱ्यातल्या या आचोळ्यातली, घरी कॉम्प्युटर नसलेली मुलं परीक्षेचे फॉर्म भरतात, आधार आणि मार्कशीट स्कॅन करतात. त्यांच्या कागदांशी खेळायचा अधिकार तुम्हाला कुणी दिला? आणि स्क्रीनवर एरर आली होती, ती किती जणांनी वाचली? एकानेही नाही. ओके दाबलं आणि ओरडायला सुरुवात.

'क्रिकेट 07' हा गेम कॅनडातल्या एचबी स्टुडिओजने बनवला आणि ईए या कंपनीने नोव्हेंबर 2006 मध्ये बाजारात आणला. तेव्हा घराघरांत विंडोज एक्सपी होतं. दोनच महिन्यांनी व्हिस्टा आली. मग 7, 8, 10, 11. ईएच्या क्रिकेट मालिकेतला हा शेवटचा गेम. पुढे नव्या टीम, नव्या जर्सी, नवी स्टेडियम घालून तो जिवंत ठेवला तो खेळणाऱ्यांनी, फुकट राबून. तुम्ही त्यांचे पॅच वापरता. त्यांनी सोबत लिहिलेली रीडमी मात्र उघडून बघत नाही.

मायक्रोसॉफ्टचं म्हणाल, तर जुने गेम चालावेत म्हणून त्यांनी जे केलं ते ऐकून ठेवा. जुन्या 'सिमसिटी'त एक चूक होती. सोडून दिलेली मेमरी तो लगेच पुन्हा वाचायचा. आधीच्या सिस्टिमवर ते खपून गेलं, विंडोज 95 मध्ये गेम कोसळला असता. चूक गेमवाल्यांची. तरीही मायक्रोसॉफ्टने विंडोजमध्येच तपासणी घातली: 'सिमसिटी' चालू असेल तर मेमरी लगेच मोकळी करायची नाही. प्रॉपर्टीजमधल्या ज्या कंपॅटिबिलिटी टॅबमध्ये तुम्ही डोळे मिटून टिक करता, त्याच्यामागे अशा असंख्य दुरुस्त्यांची यादी असते. लिनक्सच्या कर्नलमध्ये तर लिनस टोरवाल्ड्स यांचा नियमच आहे: चालू प्रोग्रॅम कर्नलमधल्या बदलाने बंद पडला, तर चूक कर्नलची.

पण याला हद्द असते. 64-बिट विंडोजवर 16-बिटचा प्रोग्रॅम चालत नाही. नव्वदच्या दशकातले काही गेम स्वतः 32-बिटचे, त्यांचा सेटअप मात्र 16-बिटचा. गेम धडधाकट आणि सेटअप दारातच अडतो. ॲपलने 2017 मध्ये आयफोनवरून आणि 2019 मध्ये मॅकवरून 32-बिट ॲप्स पूर्ण काढून टाकली. अँड्रॉइड 14 तर अँड्रॉइड 6 च्याही आधीच्या नियमांवर बेतलेलं ॲप सहजी इन्स्टॉलच करू देत नाही, कारण जुन्या परवानग्यांची पळवाट काढून मालवेअर शिरत होतं. जुन्या ॲप्सशी असं नातं तोडणं मी दर वेळी योग्य मानत नाही. ॲपलने घाई केली असं माझं मत आहे. पण सुरक्षेसाठी जे तोडलं, त्यावर बोंब मारायची नाही.

आता ज्याच्यावर खरं बोट ठेवायचं तिथे या. सीडीवरच्या अनेक गेमना कॉपी होऊ नये म्हणून सेफडिस्क नावाचं कुलूप असायचं. हे कुलूप कुणी घातलं? विकणाऱ्याने. ते चालायचं विंडोजमधल्या एका ड्रायव्हरच्या जिवावर. तो ड्रायव्हर धोक्याचा ठरला, आणि 2015 च्या विंडोज 10 मध्ये त्याला जागाच मिळाली नाही. परिणाम काय? ज्याने पैसे मोजून ओरिजिनल सीडी घेतली त्याचा गेम बंद, आणि चोरीच्या कॉपीवाला मजेत खेळतोय. हा अन्याय विकणाऱ्याने निस्तरायला हवा होता, कारण कुलूप त्याचं आणि किल्लीही त्याच्याच खिशात. काही कंपन्यांनी पॅच दिले. बाकीच्या गप्प बसल्या.

माझं म्हणणं सरळ आहे. कोड ज्याच्या कपाटात आणि हक्क ज्याच्या नावावर, जबाबदारी त्याची. वीस वर्षं फुकट दुरुस्ती करत बसा असं मी कुठल्याही कंपनीला सांगणार नाही. पण स्वतः सांभाळायचं नसेल तर कुलूप काढून द्यावं, कोड खुला करावा. इड सॉफ्टवेअरने 1993 च्या 'डूम'चा कोड 1997 मध्ये खुला केला, म्हणून तो आज कुठल्याही मशीनवर चालतो. उलट युबिसॉफ्टने 2014 च्या 'द क्रू'चे सर्व्हर 2024 मध्ये बंद केले आणि विकत घेतलेल्यांच्या हातात काही उरलं नाही. त्यावरून युरोपात दहा लाखांहून जास्त लोकांनी सह्या केल्या. तुम्ही काय केलंत? मीम फॉरवर्ड केलं.

आणि 'मॅडम, क्रॅकशिवाय इलाज नव्हता' हे मला सांगू नका. आपल्या 1957 च्या कॉपीराइट कायद्याचं कलम 52 वाचा. कायदेशीरपणे घेतलेल्या प्रोग्रॅमची बॅकअप कॉपी करता येते, ज्या कामासाठी घेतला त्या कामासाठी त्यात फेरफारही करता येतो. दुसऱ्या प्रोग्रॅमशी जुळवून घेण्यासाठी लागणारी माहिती दुसरीकडे सहज मिळत नसेल, तर ती शोधून काढायलाही मुभा आहे. जुने प्रोग्रॅम चालवायला डॉसबॉक्स आहे, वाइन आहे, व्हर्च्युअल मशीन आहे. हे सगळं मी शिकवलंय. तुमच्या वह्यांत ते उतरलेलं नाही, कारण तेव्हा तुम्ही खिडकीतून आचोळे रोडवरच्या रिक्षा मोजत होतात.

सगळ्यात जास्त राग मला पुढच्या गोष्टीचा आहे. तुमच्यातल्या निम्म्यांना गेम डेव्हलपर व्हायचंय. चांगलं आहे. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने 2020 मध्ये 'राजी' हा गेम जगभर नेला. नालासोपाऱ्यातून असं काही होणार नाही असं मी कधीच म्हणणार नाही. पण तुमचे प्रोजेक्ट काय अवस्थेत येतात? 'फायनल', 'फायनल 2', 'फायनल खरा' अशा नावांच्या झिप. इंजिनचं व्हर्जन कुठलं, माहीत नाही. सोर्स कोड मित्राच्या पेनड्राइव्हवर, आणि तो पेनड्राइव्ह विरार लोकलमध्ये हरवला. गेल्या बॅचचा गेम या बॅचच्या मशीनवर उघडत नाही, आणि इथे मध्ये कुठली कंपनी नाही, कुठला ड्रायव्हर नाही. जॉर्डन मेकनरसारख्याचा 1989 च्या 'प्रिन्स ऑफ पर्शिया'चा मूळ कोड वीसेक वर्षं सापडत नव्हता. 2012 मध्ये त्याच्या वडिलांना घरातल्या खोक्यात डिस्क मिळाल्या म्हणून वाचला. तुमच्या घरचं खोकं पहिल्या पावसात भिजेल.

तेव्हा सोमवारपासून असं. क्रॅक चढवणारा स्वतः बसून ते मशीन फॉरमॅट करेल, विंडोज नव्याने टाकेल आणि ज्यांच्या फाइल त्यावर होत्या त्या प्रत्येकाला जाऊन सांगेल. बाकीच्यांनी आपला जुना प्रोजेक्ट शेजारच्या मुलाच्या मशीनवर, त्याला एक शब्दही न सांगता, फक्त रीडमीच्या भरवशावर चालवून दाखवायचा. कोड, इंजिनचं व्हर्जन, वापरलेल्या लायब्ररी, चित्रांच्या मूळ फाइल, सगळं एका फोल्डरमध्ये, दोन ठिकाणी ठेवलेलं. ज्याचा चालणार नाही, त्याचे प्रॅक्टिकलचे मार्क मी देणार नाही. घरून कुणाचे आईवडील भेटायला आले, तर त्यांनाही मी हेच सांगेन.