भयाची मौज आणि भुताचें गाऱ्हाणें

भुताखेतांच्या गोष्टींविषयीं सुशिक्षित मनुष्याची वृत्ति मोठी चमत्कारिक असते. दिवसा चारचौघांत तो भुतांस हंसतो, आणि रात्रीं त्याच भुतांची गोष्ट कोणी सांगूं लागला म्हणजे पांघरूण कानांवर ओढून, पण एक कान मोकळा ठेवून, ती ऐकत पडतो. ह्या मोकळ्या ठेवलेल्या कानाचें समर्थन करतां येईल काय, हें आम्हांस पाहावयाचें आहे.

निमित्त असें कीं, पेण-रोह्याकडील आमच्या परिचयाच्या घरांतील तरुण मंडळी अलीकडे जपानी भयपटांच्या नादीं लागलेली आहे. विहिरींतून वर येणाऱ्या सादाकोचा 'रिंगु' (१९९८) पाहून झाला, त्याच्या जोडीचे दोनचार पाहून झाले. आतां ह्याच चवीचें पण चित्रमालिकांच्या रूपांतलें, ज्यास जपानी लोक ॲनिमे म्हणतात तें, काय पाहावें असें ही मंडळी विचारते. आणि त्यांच्यामागें त्यांचे वडील उभे असतात. ते विचारतात कीं, असलें कांहीं पाहावेंच कशास? पहिला प्रश्न सोपा आहे, पण दुसऱ्याचें उत्तर दिल्यावांचून पहिल्याचें देणें आम्हांस प्रशस्त वाटत नाहीं.

वडिलांचा आक्षेप निव्वळ वडीलपणाचा आहे असें कोणी समजूं नये. आमच्या समाजांत भूत ही गोष्ट अद्याप केवळ करमणुकीची झालेली नाहीं. अंगांत भूत शिरलें म्हणून माणसास दोरीनें बांधणें, चाबकानें फोडणें, मिरच्यांची धुरी देणें हे प्रकार इतके चालत आले आहेत कीं, ते नांवानिशीं लिहून त्यांस शिक्षा सांगणारा कायदा महाराष्ट्रास करावा लागला. डॉ. नरेंद्र दाभोलकर ह्या कायद्यासाठीं वर्षानुवर्षें झगडले. २० ऑगस्ट २०१३ रोजीं पुण्यांत त्यांस गोळ्या घालून मारण्यांत आलें, त्यानंतर थोड्याच दिवसांत वटहुकूम निघाला आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरांत विधिमंडळानें कायदा संमत केला. सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत कैद त्यांत सांगितली आहे. एखाद्यावर करणी केल्याचा आळ घालून त्याचें जिणें असह्य करणें हाही त्यांत गुन्हा आहे. आणि असा आळ बहुधा कोणावर येतो हें खेड्यांत राहिलेल्या कोणासही सांगावयास नको. तो सावकारावर येत नाहीं. तो एखाद्या एकट्या विधवेवर, म्हातारीवर, वाडीच्या कडेला राहणाऱ्या दरिद्री कुटुंबावर येतो. जेथें भुताच्या नांवानें जिवंत बाईच्या पाठीवर वळ उठतात, तेथें हौसेनें पैसे मोजून भुतें पाहणें हा निर्दोष विलास आहे, असें आम्हांस एकदम म्हणवत नाहीं.

जपानांत हाच वाद शंभर वर्षांपूर्वीं होऊन गेला आहे. इनोउए एन्र्यो (१८५८–१९१९) नांवाच्या तत्त्वज्ञान्यानें आपल्या देशांतील भुताखेतांचें शास्त्र रचिलें. गांवोगांव हिंडून त्यानें हकीकती गोळा केल्या त्या बहुतांशीं भ्रमाचें मूळ शोधून तो खणून काढावा ह्या हेतूनें. लोक त्यास 'भुतांचा डॉक्टर' म्हणत. त्याच्या उलट कुनिओ यानागितानें तोनो ह्या डोंगराळ मुलुखांतल्या कथा ऐकून १९१० सालीं 'तोनो मोनोगातारी' प्रसिद्ध केलें. त्याला भुतें मारावयाचीं नव्हतीं. तीं ज्या माणसांच्या तोंडीं होतीं तीं माणसें विस्मृत होऊं नयेत एवढेंच त्याला पाहावयाचें होतें. मौज अशी कीं, एकानें झाडून काढण्यासाठीं आणि दुसऱ्यानें जपून ठेवण्यासाठीं हकीकती जमविल्या, पण जमविल्या दोघांनींही.

आमच्या कोंकणांतही त्याच सुमारास असें एक दप्तर तयार झालें, हें फारसें कोणास ठाऊक नसतें. नाशिकचे कलेक्टर जॅक्सन, ज्यांस १९०९ सालीं अनंत कान्हेरे ह्यांनीं गोळी घातली, ते लोकाचाराचे अभ्यासक होते. त्यांनीं जमविलेल्या सामग्रीवरून एंथोव्हेन ह्यांनीं कोंकणच्या लोककथा-समजुतींचें पुस्तक १९१५ सालीं सिद्ध केलें. त्यांतील उत्तरें बव्हंशीं गांवोगांवच्या शाळामास्तरांचीं आहेत, आणि त्यांत आमच्या कुलाबा जिल्ह्याचेही (ज्यास १९८१ पासून रायगड म्हणतात) मास्तर आहेत. सरकारी प्रश्नपत्रिका समोर ठेवून बोरूनें भुतांची जंत्री करीत बसलेला मास्तर डोळ्यांपुढें आणिला म्हणजे आम्हांस त्याच्याविषयीं मोठा आदर वाटतो. त्याला शाळेंत भूगोल शिकवावयाचा होता!

आणि ह्या जंत्रींत काय आहे? बाळंतपणांत मेली ती अळवंत. विधवा मेली ती अवगत. मुंज होऊन सोडमुंज व्हावयाच्या आंत गेलेला मुलगा तो मुंजा. तो पिंपळावर बसतो. निपुत्रिक मेला, किंवा ज्याचा जीव पुरलेल्या धनांत अडकला, तो समंध. बुडून मेला तो गिऱ्हा होऊन पाण्यांत राहतो. ही नांवनिशी वाचतांना मामलेदार कचेरींत पडून राहिलेले तक्रारअर्ज वाचल्यासारखें वाटतें. बाळंतिणीची हेळसांड झाली, विधवेस कोणी विचारलें नाहीं, पोराचें आयुष्य सुरू होण्यापूर्वींच संपलें. अर्जदार गेला, पण अर्ज निकालांत निघाला नाहीं. जपानांतही तेंच. तेथें बाळंतपणांत मेलेली स्त्री उबुमे होते आणि पावसाळी रात्रीं मूल कडेवर घेऊन वाटेंत उभी राहते. दहांतील एक थाळी हरवल्याचा आळ येऊन विहिरींत गेलेली ओकिकू ही दासी रोज रात्रीं एकपासून नऊपर्यंत मोजते, आणि दहावा आंकडा आला नाहीं कीं हंबरडा फोडते. सादाको ही ह्याच ओकिकूची धाकटी बहीण. तीही विहिरींत स्वतः होऊन उतरलेली नाहीं. कोंकणांतील ज्या जुन्या विहिरींवर तिन्हीसांजा कोणी पाणी भरावयास जात नाहीं, त्यांपैकीं किती विहिरींत कोणत्या घरची सून गेली होती, हें त्या आळींतील म्हाताऱ्या बायकांस नेमकें ठाऊक असतें.

एका गोष्टींत मात्र आमच्यांत व त्यांच्यांत गंमतीचा फरक आहे. जुन्या जपानांत उन्हाळ्याच्या रात्रीं मंडळी जमून शंभर दिवे लावीत, आणि एकेक भुताची कथा संपतांच एकेक दिवा मालवीत. शेवटचा दिवा विझला म्हणजे खरें भूत यावयाचें. आमच्याकडे आषाढी अमावास्येस घरांतले सगळे दिवे घांसूनपुसून, लावून, त्यांची पूजा करतात. बाहेर धो धो पाऊस, कुंडलिकेला लोंढा आलेला, वीज गेलेली, अशा रात्रीं भुतांच्या गोष्टी आमच्याकडेही होतातच. फक्त दिवा मालवण्याचें काम आम्ही वीजमंडळावर सोंपविलेलें आहे.

तेव्हां आमची कसोटी अशी: गोष्टींतील भीतीचा भार कोणाच्या शिरावर पडतो तें पाहावें. जी गोष्ट मेलेल्याचें गाऱ्हाणें जिवंतांस ऐकविते, ज्यानें अन्याय केला त्यास घाम फोडते, ती ऐकतांना अंगावर कांटा आला तर तो कांटा हिताचाच आहे. परंतु जी गोष्ट एखाद्या विद्रूप म्हातारीकडे, वेडसर पोरीकडे, परजातीच्या माणसाकडे बोट दाखवून 'हीच ती' म्हणते, ती कितीही कलापूर्ण असली तरी मांत्रिकाच्या चाबकाची सख्खी बहीण आहे.

ह्या कसोटीस पूर्णपणें उतरणारी मालिका म्हणून आम्ही प्रथम 'मोनोनोके' (२००७) हिचें नांव घेतों. मियाझाकींच्या जवळपास त्याच नांवाच्या चित्रपटाशीं हिचा कांहीं संबंध नाहीं. अवघे बारा भाग आहेत. एक अनामिक औषधविक्या पेटी पाठीशीं बांधून गांवोगांव हिंडतो. त्याच्यापाशीं भुताचा नाश करणारी तलवार आहे, पण ती हवी तेव्हां म्यानांतून निघत नाहीं. भुताचें रूप कोणतें, घडलें काय, आणि त्यामागें कोणाच्या मनांत काय होतें, ह्या तिन्ही गोष्टी उघड झाल्याखेरीज तलवार हालत नाहीं. आमचा मांत्रिक भुतास विचारतो, 'तूं कोण? काय घेऊन जाशील?' आणि नारळ-कोंबड्यावर सौदा पटवितो. औषधविक्या भुताशीं बोलतो त्याहून अधिक घरच्या माणसांशीं बोलतो. पहिल्याच कथेंत पावसाळ्या रात्रीं एक गरोदर मुलगी खानावळींत आसरा मागते, आणि ज्या खोलींत तिला ठेवितात तेथें मुलांचे आवाज येऊं लागतात. तें घर पूर्वीं कसलें होतें, त्याच्या भिंतींत कोणतीं न जन्मलेलीं मुलें दडलीं आहेत, हें मालकिणीस चांगलें ठाऊक असतें. तेथें भिण्याजोगी कोणी असेल तर ती मालकीण. चित्रें जुन्या जपानी रंगीत ठशांसारखीं असून प्रथम डोळ्यांस दिपवितात. दोन भाग धीर धरावा. विषय प्रौढांचा आहे, लहान मुलांस दाखवूं नये.

दुसरी 'मुशिशी' (२००५–०६), युकी उरुशिबारा ह्यांच्या चित्रकथेवरून केलेली. हींत भूत जवळजवळ नाहींच. 'मुशी' म्हणजे वनस्पति नव्हेत आणि प्राणीही नव्हेत असे कांहीं सूक्ष्म जीव. ते माणसाच्या कानांत, डोळ्यांत, स्वप्नांत घर करितात आणि माणूस आजारी पडतो. गिन्को नांवाचा फिरता वैद्य येतो, नाडी पाहावी तसें सर्व पाहतो, आणि कोणासही दोष देत नाहीं. मुशी आपल्या रीतीनें जगतात, एवढेंच. कित्येकदां त्याला रोगी वांचवितां येत नाहीं. अंगांत आलेल्या पोरीस मारणाऱ्या घरांत ही मालिका दाखवावी असें आमच्या मनांत फार येतें. तापास कारण असतें आणि त्या कारणास द्वेषाची गरज नसते, ही गोष्ट व्याख्यानांतून जी गळीं उतरत नाहीं ती येथें सहज उतरते.

तिसरी 'शिकी' (२०१०) आम्ही जरा बिचकतच सांगतों, कारण ती क्रूर आहे. डोंगरांतील एका लहान गांवांत उन्हाळ्यांत एकामागून एक माणसें मरूं लागतात आणि मेलेलीं रात्रीं परत येतात. पहिला अर्धा भाग पाहणारा गांवकऱ्यांच्या बाजूचा असतो. मग गांवकऱ्यांस खरें कळतें, हातांत खुंट्या व हातोडे येतात, आणि दिवसाउजेडीं ते जें करितात तें पाहून आपण कोणाच्या बाजूस आहों हेंच कळेनासें होतें. जमावाची भीति भुताच्या भीतीपेक्षां किती भयंकर, हें इतक्या निर्दयपणें दाखविणारी दुसरी कथा आम्हांस माहीत नाहीं. ह्या गांवाचें नांव 'सोतोबा'. थडग्याशीं उभ्या करावयाच्या लांकडी फळीचें तें नांव, आणि तें आमच्या 'स्तूप' ह्या शब्दापासून झालेलें आहे. रोह्याहून दक्षिणेस मांदाडच्या खाडीकडे गेलें म्हणजे कुडें येथील बौद्ध लेणीं लागतात. त्यांत कातळांत कोरलेले स्तूप आहेत. ह्याच धर्माबरोबर तो शब्द एवढा प्रवास करून जपानच्या स्मशानांत पोंचला, आणि आतां भयकथेंतील गांवाचें नांव होऊन आमच्या पोरांच्या मोबाइलवर परत आला.

घरांत सर्वांनीं मिळून पाहावयाचें असेल तर 'नात्सुमे' ची मालिका (२००८ पासून) घ्यावी. आप्तांच्या दारोदार वाढलेल्या एका पोरक्या मुलास आजीची वही मिळते. तींत आजीनें जिंकलेल्या भुतांचीं नांवें असतात, आणि तो तीं एकेक करून परत देत जातो. 'यामिशिबाई' (२०१३) ह्या पांच-पांच मिनिटांच्या कथा पुष्कळांस आवडतात. आम्हांस त्या दचकविण्याच्या यंत्रासारख्या वाटल्या.

आतां वडिलांचा आक्षेप राहिला: पाहतां पाहतां खरें वाटूं लागलें तर? हें भय पेणमध्यें बोलून दाखवावें ह्याचें आम्हांस नवल वाटतें. पेण, हमरापूर, जोहे येथील गणपतीच्या कारखान्यांत सायंकाळीं जाऊन पाहावें. डोळ्यांची आखणी न झालेल्या शेंकडों मूर्ति फळ्यांवर ओळीनें बसलेल्या असतात, आणि खरें सांगावयाचें तर त्या दृश्यानें क्षणभर छातींत धस्स होतें. मग वाकबगार हात कुंचला घेऊन डोळे आखतो आणि माती पाहूं लागते. ही माती आहे हें त्या कारागिराइतकें कोणास ठाऊक आहे? तरी चतुर्थीस तोच हात तिच्यापुढें जोडला जातो, आणि विसर्जनानंतर ती पुन्हां माती होते. रोह्यास धावीर महाराजांच्या पालखीला पोलीस बंदुकांची सलामी देतात, आणि तेच पोलीस जादूटोण्याचा गुन्हाही नोंदवितात. त्यांची मति कोठें गोंधळलेली दिसत नाहीं. मानणें आणि जाणणें एकाच मनांत शेजारीं नांदतात. ही तुलना पुरी जुळत नाहीं हें आम्ही जाणतों. गणपतीची मूर्ति हौसेनें घरीं आणितात, भूत मात्र दुबळ्याच्या डोक्यावर बळेंच लादलें जातें. म्हणून तर वरील कसोटी.

मराठींत हें नाहीं असें नव्हे. नारायण धारपांचा समर्थ आणि औषधविक्या ह्यांची भेट झाली असती तर दोघांचें बरेंच जमलें असतें. मात्र समर्थ अनिष्टाशीं लढतो, त्याची फिर्याद सहसा नोंदवून घेत नाहीं. रत्नाकर मतकरींच्या गूढकथा ह्या बाबतींत जपान्यांस अधिक जवळच्या आहेत, कारण त्यांत भय बहुधा घरांतल्याच माणसांतून निघतें. मुलांनीं त्या मालिकांबरोबर ह्याही कथा वाचाव्या. आणि मुलें पाहत असतां वडिलांनीं दुसऱ्या खोलींत जाऊन बसूं नये. शेजारीं बसावें, आणि भाग संपल्यावर आपल्या आळींतल्या पिंपळावरचा मुंजा कोणाच्या घरचा, तो कशानें गेला, एवढें आजीला विचारूं द्यावें.