गावाची एकादशी

बुलढाणा जिल्ह्यात, देऊळगाव राजा तालुक्यात मेहुणाराजा नावाचं गाव आहे. संत चोखामेळ्यांचा जन्म इथला, असं परंपरा सांगते. चोखोबा पंढरपूरला गेले, विठ्ठलाच्या दाराशी आयुष्यभर उभे राहिले, पण आत त्यांना कोणी घेतलं नाही. पुढे मंगळवेढ्याला गावकुसाचं काम चालू असताना भिंत कोसळली आणि तिच्याखाली ते गेले. साल 1338. संत नामदेवांनी त्यांच्या अस्थी पंढरपूरला आणल्या आणि महाद्वारासमोर समाधी केली. मेल्यावर जागा मिळाली, तीही दाराबाहेर. ते दार सगळ्यांना उघडावं म्हणून 1947 साली साने गुरुजींना उपोषणाला बसावं लागलं. मधे सहाशेहून अधिक वर्षं गेली होती.

आता याच भागात खडकपूर्णा नदीवर मोठं धरण आहे. त्याचं नाव संत चोखासागर. ज्यांच्या सावलीचाही विटाळ मानला गेला, त्यांच्या नावाचं पाणी आज इथल्या शेतांना जातं आणि घरोघरच्या माठात भरलं जातं. ते भरताना कोणी जात विचारत नाही.

या धरणाच्या आसपासच्या एका गावाची ही कथा आहे. कथा रचलेली आहे. पण तिच्यातली पाण्याची बाटली खरी आहे, आणि ‘आज माझा उपवास आहे’ हे वाक्यही खरं आहे. कुठल्याही तालुक्यातल्या कुठल्याही वस्तीत जाऊन विचारा.

त्या गावात एक विणेकरी बुवा होते. वय पंचाहत्तरीचं, घरची जमीन चांगली, आषाढीची वारी न चुकलेली. आवाज असा, की चोखोबांचे अभंग ते म्हणायला लागले की बायका पदर डोळ्यांना लावत. गावात एक मिस्त्रीही होता. गावकुसाबाहेरच्या वस्तीत राहायचा. गावातल्या निम्म्या घरांच्या भिंती त्याच्या ओळंब्याने सरळ उभ्या राहिलेल्या. देवळाचा सभामंडप बांधला तोही त्यानेच, आणि त्या कामाची अर्धी मजुरी त्याने देवाला सोडली. सभामंडपात संगमरवरावर देणगीदारांची नावं कोरली तेव्हा त्या अर्ध्या मजुरीची नोंद मात्र राहून गेली. त्याबद्दल तो कधी काही बोलला नाही.

वस्तीतल्या त्याच्या कुडाच्या घराच्या जागी घरकुल मंजूर झालं. दुसऱ्यांची घरं बांधण्यात उभं आयुष्य गेलेल्या माणसाने या वेळी स्वतःच्या भिंती स्वतः उचलल्या. घरभरणी ठरली. त्याने सगळ्या गावाला बोलावणं दिलं, घरोघर जाऊन, हात जोडून. आदल्या रात्रीपासून गोवऱ्यांच्या आरात रोडगे भाजले जात होते. मोठ्या कढईत वांग्याची भाजी आणि पातेलंभर वरण. मिस्त्रीची आई ऐंशीच्या घरातली, पण चुलीपासून हलली नाही.

गाव आलं. नाही असं नाही, चांगलं आलं. सरपंच आले, सोसायटीचे चेअरमन आले, विणेकरी बुवाही आले. घराचं कौतुक झालं. कोपरा कसा काटकोनात आहे, गिलावा कसा गुळगुळीत आहे, हे सगळ्यांनी हात फिरवून पाहिलं. आहेर दिले, टॉवेल-टोपी घेतली, फोटो काढले. मग मिस्त्री म्हणाला, “आता पानावर बसा.”

एकाने सांगितलं, आज चतुर्थी आहे. दुसरा आत्ताच जेवून निघाला होता. तिसऱ्याला डॉक्टरांनी वांगं बंद केलं होतं. चौथ्याला चिखलीला लग्नाला जायचं होतं. पाणी तरी घ्या म्हटलं, तेव्हा कोणीतरी आधीच सांगून ठेवल्यासारखं दुकानातून बाटल्यांचं खोकं आलं. प्रत्येकाने आपापल्या हाताने बाटलीचं झाकण फोडलं आणि दोन घोट घेतले. बुवांनीही घेतले. माठ भरलेला होता, नवा होता, त्याच्यावर तांब्या ठेवला होता. तो तसाच राहिला.

मंडळी उठून गेली. बुवांच्या चपला सापडत नव्हत्या, म्हणून ते मागे राहिले. चपला शोधत असताना आतून म्हातारीचा आवाज आला. ती नातीशी बोलत होती, कोणाला ऐकू जावं म्हणून नव्हे.

“आपल्या दारात आलं की साऱ्या गावाले एकादशी लागते, माय.”

बुवा घरी आले. त्या दिवशी एकादशी नव्हती, तरी त्यांना जेवण गेलं नाही. त्यांना आठवली ती चोखोबांच्या घरची गोष्ट, जी त्यांनी स्वतः कितीतरी रात्री भजनात सांगितली होती. विठ्ठल चोखोबांच्या घरी जेवायला बसला होता. चोखोबांच्या पत्नी सोयराबाई वाढत होत्या, त्यांच्या हातून दही सांडलं आणि देवाचा पीतांबर भिजला. गोष्ट सांगताना बुवांचा भर नेहमी पीतांबरावर असायचा. देव किती भोळा, किती दयाळू, असं ते म्हणायचे. गोष्टीतलं साधं मर्म त्यांना पंचाहत्तराव्या वर्षी, त्या दिवशी कळलं. देव त्या घरी जेवायला गेला होता. त्याने सोयराबाईंच्या हातचं खाल्लं होतं. आणि देवाचे भक्त म्हणवणारे, त्याच्या वारीत शेकडो कोस चालणारे, त्या घरात जाऊन बाटलीतलं पाणी पिऊन आले होते.

इथे मला थोडं थांबायचं आहे. आपल्याकडे भेदाभेद गेला असं सांगणारे लोक नेहमी देण्याची उदाहरणं देतात. आम्ही त्यांच्या मुलांना वह्या दिल्या, दिवाळीला फराळ पाठवला, लग्नाला मदत केली. हे सगळं खरं असतं आणि त्याची किंमत कमी करायचं कारण नाही. पण देणाऱ्याला आपल्या जागेवरून हलावं लागत नाही. देतानाही तो ओट्यावरच असतो आणि घेणारा अंगणात. समोरच्याच्या हातचं घ्यायची वेळ येते तेव्हा मात्र खाली उतरून त्याच्या शेजारी बसावं लागतं. आदर आहे की नाही, हे तिथे कळतं. राजर्षी शाहू महाराजांना हे नेमकं माहीत होतं. पाण्याच्या हौदाला शिवले म्हणून मार खाल्लेल्या गंगाराम कांबळे यांना त्यांनी कोल्हापुरात चहाचं दुकान घालून दिलं. नुसते पैसे देऊन ते थांबले असते तर ती मदत झाली असती. महाराज स्वतः गाडी थांबवून, भर रस्त्यात, त्या दुकानातला चहा पीत आणि बरोबरच्या मानकऱ्यांनाही प्यायला लावत. आपल्या संविधानाच्या सतराव्या कलमाने अस्पृश्यता नष्ट केली, 1955 साली तिच्याविरुद्ध कायदा झाला. कायद्याने विहीर उघडली, देऊळ उघडलं, हॉटेल उघडलं. पण कोणाच्या घरी जाऊन घास घ्यायचा, हे कायदा कोणाला सांगू शकत नाही. ते ज्याचं त्यालाच करावं लागतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी बुवा एकटेच वस्तीत गेले. मिस्त्री कामावर गेला होता. दारात म्हातारी तूर निवडत बसली होती आणि बुलढाण्याला कॉलेजात शिकणारी नात पुस्तक घेऊन.

“माय, भूक लागली,” बुवा म्हणाले.

म्हातारी लगबगीने उठली नाही. तिने सूप खाली ठेवलं, बुवांकडे नीट पाहिलं. “कालचं सारं वाटून टाकलं बुवा. भाकर टाकाव लागते. बसता का तवर?”

“बसतो.”

“आत बसता का बाहीर?”

प्रश्न साधा होता, पण बुवांना त्यातलं कळलं. आत बसून खाल्लं असतं तर गावाला समजलं नसतं. बुवा ओट्यावर बसले, रस्त्याकडे तोंड करून. चूल पेटेपर्यंत आणि पीठ मळून होईपर्यंत बराच वेळ गेला. त्या वेळात नातीने आजीला पुस्तकातलं वाचून दाखवलं, बुवांनीही ऐकलं. अमेरिकेत ग्रीन्सबरो नावाच्या शहरात एक मोठं दुकान होतं. काळ्या लोकांनी तिथे वह्या घ्याव्यात, साबण घ्यावा, पैसे मोजावेत. त्याला कोणाची हरकत नव्हती. पण त्याच दुकानातल्या खानावळीच्या फळीशी बसून खायची त्यांना बंदी होती. 1960 सालच्या फेब्रुवारीच्या पहिल्या तारखेला चार काळे विद्यार्थी तिथे जाऊन बसले आणि त्यांनी कॉफी मागितली. दिली नाही. ते दुकान बंद होईपर्यंत बसून राहिले आणि दुसऱ्या दिवशी आणखी पोरं घेऊन आले.

“मंग? भेटली का कॉफी?” म्हातारीने तव्यावरून विचारलं.

“जुलैत दुकानाने नियम मोडला, आजी. सहा महिने लागले.”

“पैशे घेताना विटाळ नव्हता वाटते त्याइले,” म्हातारी म्हणाली आणि भाकरी उलटली.

सभामंडपाची अर्धी मजुरी देवळाने ठेवून घेतली होती, हे बुवांना माहीत होतं. ते मान खाली घालून बसले.

भाकरी आली, ठेचा आला, तुरीचं वरण आलं. माठातलं पाणी तांब्याभर आलं. बुवा जेवले. रस्त्यावरून बैलगाडी गेली, दोन मोटारसायकली गेल्या. चेअरमनच्या पुतण्याने मोटारसायकलचा वेग कमी करून पाहिलं आणि पुढे निघून गेला. संध्याकाळपर्यंत गावभर झालं.

महिनाभराने हरिनाम सप्ताह बसला. सप्ताहात वीणा सात दिवस खाली ठेवायची नसते. पहाऱ्यामागून पहारा ती एका गळ्यातून दुसऱ्या गळ्यात जाते. ज्याच्या गळ्यात वीणा, त्याच्या पायांवर येणारा प्रत्येक जण डोकं टेकवतो, मग तो वयाने लहान का असेना. बुवांचा पहारा रात्री बारा ते दोनचा होता. पाचव्या रात्री दोन वाजले तरी पुढचा पहारेकरी आला नाही. निरोप पाठवला तर दार उघडलं नाही. आदल्या दिवशी चावडीवर काहीतरी ठरलं होतं, हे बुवांच्या ध्यानात आलं. तीन वाजले. म्हाताऱ्याचे पाय थरथरायला लागले, पण वीणा टेकवायची कशी?

मिस्त्री सभामंडपाच्या शेवटच्या खांबाशी बसला होता. तो रोज तिथेच बसायचा. त्याने बाहेर नळावर हातपाय धुतले, कपाळाला बुक्का लावला आणि बुवांसमोर येऊन उभा राहिला.

“द्या.”

बुवा थबकले. भाकरी खाताना ते थबकले नव्हते. ती त्यांची एकट्याची गोष्ट होती, त्याचं जे काही होईल ते त्यांचं होणार होतं. वीणा सगळ्या गावाची होती. ती दिली तर सप्ताह मोडेल का, पुढच्या वर्षी देणग्या येतील का, आपल्या मुलांना गावात कोण विचारेल, असं सगळं त्यांच्या मनात आलं. मिस्त्रीने हात पुढे केले होते आणि तो ते मागे घेत नव्हता. बुवांनी वीणा गळ्यातून काढली, त्याच्या गळ्यात घातली आणि रिवाजाप्रमाणे वाकून त्याच्या पायांवर डोकं ठेवलं.

चार वाजता काकड्याला माणसं यायला लागली. समोर मिस्त्री उभा, गळ्यात वीणा, तोंडात नाम. पहिली आली ती एक शेतकरीण. तिने रोजच्यासारखं डोकं टेकवलं आणि आत गेली. मागून आलेल्या दोघांनी पाहिलं, जरा थांबले, मग वाकले. काही जण बाजूच्या दाराने आत शिरले. घरभरणीच्या दिवशी ज्यांची चतुर्थी होती, ते गृहस्थ बराच वेळ पायरीवर उभे राहिले आणि घरी परत गेले. कोणी कोणाला अडवलं नाही.

सकाळी काल्याच्या स्वयंपाकाची बैठक झाली. पोळ्यांना कोण, भाजीला कोण, वाढायला कोण, अशी नावं लिहिली जात होती. दर वर्षी वस्तीतल्या बायकांची नावं एकाच कामापुढे लिहिली जात, भांड्यांच्या. म्हातारी नातीचा हात धरून आली आणि उभ्याउभ्याच बोलली.

“यंदा आमी पोळ्या लाटतो. भांडे साऱ्यायनं मिळून घासा.”

लिहिणाऱ्या पोराने बुवांकडे पाहिलं. बुवा म्हणाले, “माझ्याकडं काय पाहतो? त्यायनं सांगितलं ते लिही.”

काल्याच्या दिवशी वस्तीतल्या बायका पोळपाटाशी बसल्या. पंगतीत काही पानं रिकामी राहिली. सरपंच आले, कारण निवडणूक जवळ होती. ते का आले याची चौकशी कोणी केली नाही, त्यांना पोळी वाढली. पुढच्या वर्षी रिकाम्या पानांपैकी काही भरली. राहिलेल्यांसाठी पंगत थांबवून ठेवली नाही.