भीती कशाची बाळगावी?

मुलांना भुताच्या गोष्टी सांगाव्यात का, असं पालक आम्हा शिक्षकांना विचारतात. तेव्हा आम्हाला २०१८ चा ‘तुंबाड’ चित्रपट आठवतो. त्यातला हस्तर भयानक आहेच. पण त्याच्या सोन्याच्या मुद्रा कशा लुटायच्या, हे विनायक आपल्या लहानग्या मुलाला शिकवतो, तेव्हा अंगावर अधिक काटा येतो. हस्तर देवीच्या गर्भात कोंडलेला आहे. हाव मात्र बापाकडून मुलाकडे मोकळी चालत येते. अखेर पांडुरंग बापाने पुढे केलेलं ते धन नाकारतो. म्हणजे वाईट वारसा नाकारता येतो. जिन्न-भुतांची भीती वयाबरोबर ओसरते. आपल्याला पाहून मुलं काय शिकतात, याची भीती आम्ही बाळगतो का? चांगली भयकथा हाच सवाल करते. मुलांना ती जरूर सांगावी. आधी आपण नीट ऐकावी.