मिनिबसमधले घर

शाळांनी वापरून काढून टाकलेली जुनी मिनिबस विकत घ्यायची आणि तिचे फिरते घर करायचे, ही हौस ब्रिटनमध्ये अनेकांना आहे. मूळची ती गाडी चालकाखेरीज १६ जणांपर्यंत माणसे नेणारी. प्रथम आसने निघतात. मग पत्र्याला उबेचे अस्तर, दिव्यांसाठी निराळी बॅटरी, पलंग, शेगडी. गॅस हवेहून जड असल्याने गळती बाहेर पडावी म्हणून तळालाच झरोका ठेवतात. मोटारीच्या साध्या परवान्यावर चालवायची तर भरल्या गाडीचे वजन सहसा ३,५०० किलोंच्या आत हवे; म्हणून पातेलीसुद्धा तोलून घ्यावी लागतात. (आपल्या माळ्यांवरचे सामान कोणी असे तोलले तर!)

युरोपीय संघाच्या नियमांत अशा वाहनाची व्याख्या आहे : आसने व मेज, निजण्याची, रांधण्याची आणि सामान ठेवण्याची सोय. सारे पक्के बसविलेले हवे. मेज तेवढे सुटे चालते. पाहुण्याचा उल्लेख त्यात नाही, आणि कायद्याकडून ती अपेक्षाही नाही.

मग अनेकांची जागा दोघांनी घेणे अनुचित आहे काय? मला तसे वाटत नाही. भंगारात जाणारी वस्तू कामी येते. शिवाय घरभाडे न परवडल्याने गाडीत राहणाऱ्याला हा प्रश्न विचारणेच निर्दयपणाचे होय. हौसेने घर बांधणाऱ्याला मात्र तो विचारावा. आलेल्याला बसवायचे कुठे, हे त्याने आसने काढतानाच ठरवायला हवे. ते सुटे मेज गवतावर मांडता येते. तेथे चौघे जेवले तरी गाडीचे वजन वाढत नाही.