ज्या नगरात देवाने नेले

शास्त्रपाठ : यिर्मया २९:४-७



बाबेलात धरून नेलेल्या लोकांना वाटे, आपण येथे चार दिवसांचे पाहुणे. आज ना उद्या यरुशलेमेस परतू. खोटे संदेष्टेही त्यांच्या मनासारखेच सांगत. यिर्मयाने मात्र पत्र धाडून कळविले की, घरे बांधा, मळे लावा आणि देवाने नेले त्या नगराच्या हितासाठी प्रार्थना करा.

आम्हां भोपाळच्या मराठी मंडळीला हे पत्र आमच्याच नावे आल्यासारखे वाटते. १ नोव्हेंबर १९५६ रोजी नवे मध्य प्रदेश राज्य झाले, भोपाळ राजधानी ठरली आणि नागपूरहून सरकारी नोकरांची बिऱ्हाडे येथे आली. आता नातवंडे येथे वाढली, तरी "आपलं गाव नागपूर" हे तोंडून जात नाही. गावाची माया हे पाप नव्हे. पण ज्या नगराचे पाणी पितो, त्याची काळजी आपण वाहतो काय?

देश १५ ऑगस्ट १९४७ रोजी स्वतंत्र झाला, पण भोपाळ संस्थान नवाबांकडेच राहिले. विलीनीकरण मागणारे तरुण १४ जानेवारी १९४९ रोजी, संक्रांतीच्या दिवशी, नर्मदाकाठी बोरास येथे तिरंगा हाती घेऊन गोळीबारात पडले. १ जून १९४९ रोजी भोपाळचा कारभार भारत सरकारकडे आला.

त्याच मे महिन्यात दिल्लीत घटना समितीने धार्मिक अल्पसंख्याकांच्या राखीव जागांची आधीची योजना सोडून दिली. समितीचे उपाध्यक्ष हरेंद्रकुमार मुखर्जी हे ख्रिस्ती गृहस्थ त्या निर्णयाच्या बाजूने उभे राहिले. आपल्या वाट्याची हमी सोडून शेजाऱ्यावर भरवसा ठेवणे, ही लहान गोष्ट नव्हे.

उलट उदाहरणही पाहा. ज्या अमेरिकेतून गॉर्डन हॉल व सॅम्युएल नॉट १८१३ साली मुंबईस आले, तिने १७७६ साली सर्व माणसे समान असल्याचे जाहीर केले होते. पण १७८७ च्या राज्यघटनेत प्रतिनिधी ठरविताना पाच गुलाम म्हणजे तीन माणसे, असा हिशेब धरला. पुढे १८६१ ते १८६५ च्या यादवी युद्धात गुलामगिरीची किंमत रक्ताने मोजावी लागली. शेजाऱ्याला पुरता माणूस न मोजता बांधलेल्या घराच्या पायातच भेग राहते.

प्रियांनो, आपल्या मंडळीची प्रार्थनेची यादी काढून पाहा. तीत आपल्याच आजाऱ्यांची, आपल्याच परीक्षार्थींची नावे आहेत ना? १९८४ च्या डिसेंबरातील त्या विषारी रात्रीपासून धापा टाकणारी माणसे या शहरात अजून आहेत. ती कोणाच्या यादीत आहेत? शब्बाथशाळेच्या शिक्षकांनी येत्या रविवारी प्रत्येक मुलाला मंडळीबाहेरच्या एका शेजाऱ्याचे नाव विचारावे, त्याच्यासाठी प्रार्थना करावी आणि आठवड्यात त्याच्या दारी जावे.

नगराचे बरे झाले तर त्यातच आपले बरे आहे, असे देवाचे अभिवचन आहे. हे प्रभो, आम्ही बांधून ठेवलेली बोचकी आता सोडावयास आम्हांला शिकव. आमेन.